रत्नाआत्याला पाणी लागलं

सदानंद ठोसर आणि इकबाल मजगावकर यांची दोस्ती वीस वर्षांची. पण या वीस वर्षांत दोघं एकमेकांसमोर प्रत्यक्ष किती वेळ उभे राहिले, याचं गणित मालविकाने, म्हणजे सदानंदच्या बायकोने, एकदा मेथी निवडता निवडता मांडलं होतं. दर अठ्ठावीस दिवसांनी अकरा मिनिटं. वर्षाचे दोन तास तेवीस मिनिटं. वीस वर्षांचे दोन दिवसही पुरते भरेनात.

“एवढ्या वेळात आमच्या नाशकात व्याह्यांचा रुसवासुद्धा निघत नाही,” ती म्हणाली, “आणि तुम्ही त्यांना जिवाचा दोस्त म्हणता?”

“अगं, म्हणून तर टिकली,” सदानंद म्हणाला.

कतारच्या किनाऱ्यापासून ऐंशी किलोमीटर आत, समुद्रात, अल-सदफ नावाचं तेलक्षेत्र होतं. लोखंडी पायांवर उभा असलेला चार मजली सांगाडा, डोक्यावर हेलिकॉप्टर उतरायची जागा आणि पोटाखाली बावीस विहिरी. तिथे सदानंद आणि इकबाल एकाच खुर्चीवर बसत, पण आळीपाळीने. एकाने अठ्ठावीस दिवस विहिरी सांभाळायच्या, तेव्हा दुसरा सुट्टीवर. हेलिकॉप्टर एकाला आणून टाकी आणि दुसऱ्याला उचलून नेई. सामान उतरून चढेपर्यंतची अकरा मिनिटं, तेवढीच गाठभेट. तेलाच्या धंद्यात अशा जोडीला ‘बॅक-टू-बॅक’ म्हणतात. पाठीला पाठ लावलेली माणसं. एकमेकांचं तोंड बघायची सोयच नाही.

सदानंद मूळचा उरणचा. मुंबईच्या समुद्रातल्या तेलावर हात काळे करून अठ्ठ्याण्णव साली इकडे आला. अंगाने आडवा, बोलायला गोड आणि ‘नाही’ म्हणायची वेळ आली की घशात माशाचा काटा अडकल्यासारखं तोंड करणारा. शेजाऱ्याने गाडी मागितली की हा किल्लीबरोबर पेट्रोलही भरून द्यायचा. इकबाल रत्नागिरीचा, मच्छीमारांच्या घरातला. अंगाने काटकुळा, जिभेला खारा. त्याच्या तोंडून ‘हो’ निघणं हाच एक सोहळा होता. एकाच खुर्चीवर इतकी वेगळी दोन माणसं बसल्यामुळे त्या खुर्चीचा कारभार बरोबर मध्यावर राहिला होता.

आणि त्या दोघांच्या मध्ये एक वही होती.

कामाची अधिकृत नोंद इंग्रजीत, कॉम्प्युटरवर करायची. प्रत्येक विहिरीपुढे एक चौकोन, आणि चौकोनात तीनच शब्दांची मुभा: नॉर्मल, नॉट नॉर्मल, अदर. विहिरी अशा नसतात. विहिरी माणसांसारख्या असतात. बऱ्याचशा तर नातेवाईकांसारख्या. म्हणून सदानंदने पहिल्याच वर्षी उरणहून जाड पुठ्ठ्याची लांबलचक वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, ‘कॉम्प्युटरात मावत नाही ते इथे.’ एक भरली की दुसरी. वही खुर्चीच्या खणात राहायची. जो बसेल त्याने लिहायचं, मराठीत.

सतरा नंबरची विहीर सकाळी पहिले दोन तास काही द्यायची नाही, मग एकदम प्रसन्न व्हायची. सदानंदची रत्नप्रभाआत्या दुसरा चहा झाल्याशिवाय कुणाशी बोलत नसे. झालं, सतरा नंबर रत्नाआत्या. नऊ नंबर सारखी गॅसचे ढेकर द्यायची. इकबाल म्हणाला, ही आमची नूरीफुफू, म्हणजे त्याचीही आत्याच. अकरा नंबर आवाज गडगडाटाचा करी आणि तेल वाटीभर देई. तो शहाजीमामा, मालविकाचा सख्खा. ही गोष्ट मालविकाला कुणी सांगितली नव्हती. ‘आज मामा फार बोलले, दिलं काहीच नाही’, ‘फुफूला जरा दम दे, पण प्रेमाने’ अशा नोंदींनी अकरा वह्या भरल्या होत्या. बाहेरच्या कुणी वाचलं असतं तर एखाद्या एकत्र कुटुंबाची भांडणं वाटली असती.

तेल कतारचं होतं. बाकी सगळं कंपनीचं, आणि कंपनी एका थंड देशातली. सांगाडा तिने उभा केला, माणसं तिने नेमली, आणि विहिरींचा प्रत्येक श्वास तारेतून तिच्या मुख्य कचेरीत जाई. समुद्राच्या तळाखाली कुठे किती तेल उरलंय याचा नकाशा तिथल्या कपाटात. सरकारी तेल खात्याने खतिजा नावाची एक तरुण कतारी इंजिनिअर निरीक्षक म्हणून नेमली होती. पायघोळ काळा अबाया, त्याखाली कामाचे बूट, आणि भारतीय दाईने वाढवल्यामुळे तोंडात मोडकंतोडकं हिंदी. तिला तो नकाशा बघायचा झाला की अर्ज भरावा लागे. तीन आठवड्यांनी उत्तर येई, तेही अर्धं. आपल्याच घरातल्या फडताळात काय आहे हे बघायला भाडेकरूची परवानगी काढायची, त्यातला प्रकार.

एकदा तिने सदानंदला वहीत लिहिताना पकडलं. “अंकल, हे काय?”

सदानंदने आत्या, फुफू आणि मामांची ओळख करून दिली. खतिजा इतकी हसली की डोळ्यांतलं पाणी पुसावं लागलं. “आमच्या घरी पण आहे अशी एक सतरा नंबर,” ती म्हणाली.

मग २०१७ चा जून आला. शेजारच्या देशांनी एका सकाळी कतारशी सगळे व्यवहार तोडले, जमिनीवरची एकुलती सरहद्द बंद केली, आणि दुपारपर्यंत दोह्यातलं दूध संपलं. मालविका तीन दुकानं फिरून दोन नारळ आणि एक तुर्की ताकाची बाटली घेऊन आली. पुढच्या महिन्यात देशाने गाई आणल्या, विमानाने. अंतरा, त्यांची मुलगी, इंग्रजी शाळेतली, मराठी सगळं समजायचं पण उत्तर मराठीत द्यायची शपथ घेतलेली. ती म्हणाली, “बाबा, द काऊज गॉट विंडो सीट्स?”

हसू सगळ्यांनाच आलं. पण ज्याचं दूध परक्याच्या मुठीत त्याची सकाळ परक्याच्या मुठीत, हे देशाच्या डोक्यात पक्कं बसलं. आणि दुधावरून लोकांचं लक्ष तेलावर जायला वेळ लागला नाही. दुसऱ्या वर्षी सरकारने जाहीर केलं: अल-सदफचा करार २०१९ च्या डिसेंबरअखेर संपतोय, तो वाढवून मिळणार नाही.

कंपनीचे इथले मुख्य आर्विडसाहेब. उंच, गुलाबी, डोळे मांजरीच्या पिल्लासारखे. माणूस वाईट नव्हता, ही खरी अडचण. वाईट माणसाला निदान शिव्या तरी देता येतात. हा मालविकाचा चिवडा मागून खायचा, अंतराच्या वाढदिवसाला पुस्तक पाठवायचा, आणि दर सभेत म्हणायचा, “आपण एक कुटुंब आहोत.” हुकूम तो कधी देत नसे. सुचवायचा.

२०१९ च्या जानेवारीत त्याने सुचवलं की विहिरींचे चोक थोडे सैल करावेत.

चोक म्हणजे विहिरीच्या तोंडाची तोटी. ती किती उघडायची यावर सगळा संसार. खडकाच्या पोटात वर तेल असतं आणि खाली पाणी. पातेल्यात वर तूप आणि खाली पाणी असावं तसं. हलक्या हाताने तिरकं केलं तर तूप येतं. घाईने पालथं घातलं की पाणी मिसळतं, आणि एकदा मिसळलं की ते तूप पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. आपल्याकडे विहिरीला पाणी लागलं की पेढे वाटतात. तेलाच्या विहिरीला पाणी लागलं की तिची तिरडी बांधायची.

कंपनीला वर्षभरात जायचं होतं. जाणाऱ्या पाहुण्याने पातेलं पालथं घातलं.

फेब्रुवारी: ‘आत्याचा चोक दीडपट केला. साहेब म्हणाले टेम्पररी. स.’ मार्च: ‘अजून उघडला. आत्या सकाळपासूनच बडबडते, हे लक्षण बरं नाय. इ.’ मे: ‘पंपाचे सुटे भाग मागवले, ऑर्डर रद्द झाली. इथून पुढे कुठलीच ऑर्डर जाणार नाही म्हणतात. स.’ जुलै: ‘नूरीफुफूला पाणी. शंभरात बारा. इ.’ आणि सप्टेंबरात सदानंदच्या अक्षरात, पानभर मोकळी जागा सोडून एकच ओळ: ‘रत्नाआत्याला पाणी लागलं. शंभरात एकतीस.’

कॉम्प्युटरात मात्र बावीसच्या बावीस चौकोन नॉर्मल होते. रोजचे आकडे मुख्य कचेरीत जाऊन महिन्याच्या सरासरीत विरघळत. आणि सरासरी ही अशी बाई आहे की जिच्या घरात कुणीच आजारी नसतं.

ऑक्टोबरात कागद आला. क्षेत्र सुपूर्द करण्याआधी ‘सर्व विहिरी सुस्थितीत आहेत, त्या नेहमीच्या पद्धतीने चालवल्या गेल्या’ असं प्रमाणपत्र द्यायचं होतं. खाली दोन सह्यांची जागा: दोन्ही सुपरवायझर.

इकबाल तेव्हा खुर्चीवर होता. आर्विडसाहेब खास हेलिकॉप्टरने आले. त्यांनी सुचवलं. इकबाल म्हणाला, “नो.” साहेबांनी कुटुंबाचा उल्लेख केला. इकबाल म्हणाला, “साहेब, माज्या कुटुंबात असला खोटा कागद कोन करत नाय.” हे त्याने मराठीतच सांगितलं, कारण इंग्रजीत ते सौम्य झालं असतं. दोन दिवसांत त्याला पत्र मिळालं. पद रद्द, महिनाअखेर मायदेशी.

त्यांची ती अकरा मिनिटं खरोखरच शेवटची होती. इकबालने वही खणातून काढून सदानंदच्या हातात दिली.

“ही इथं ठेवू नको. घरी ने. आता हा खण आपला नाय.”

“इकबाल, तू एकदा थांबून विचार तरी...”

“केला. सदा, तुला मी काय सांगनार नाय. तुजी पोरगी अकरावीत हाय. तू बघ.”

वर हेलिकॉप्टरचा पंखा फिरायला लागला. इकबाल शिडीच्या दोन पायऱ्या चढला आणि वळून ओरडला, “आत्याला जप!”

सदानंदने सहीची गोष्ट घरी मालविकाला फोनवर सांगितली. नवी व्यवस्था येणार होती. सही केली तर त्याची सगळी वर्षं धरून नव्या कंपनीत नेमणूक, राहण्याचा परवाना चालू. नाही केली तर इकबालमागोमाग विमान.

“अहो, तुमचं तुम्हाला काय वाटतं?” मालविकाने विचारलं.

सदानंदच्या घशात काटा अडकला. तो म्हणाला, “बघू.” वीस वर्षांच्या संसारात ‘बघू’ म्हणजे काय, हे तिला पाठ होतं.

अकरा नोव्हेंबरला त्याने सही केली. आर्विडसाहेबांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. दुपारी खतिजा आली. ती सरकारच्या वतीने क्षेत्र ताब्यात घेणार होती. तिच्या नोकरीतलं पहिलं मोठं काम. तिने कागद बाजूला सारला आणि सरळ विचारलं, “अंकल, तुमच्या आत्या, फुफू, सगळ्या बऱ्या आहेत ना?”

“इन्शाल्ला,” सदानंद म्हणाला.

खोटं बोलायचं टाळायला त्याने देवाला मध्ये उभं केलं. आणि तिने, तो शब्द लहानपणापासून भरवशाचा असल्यामुळे, खाली आपली सही केली.

वही आता गुपचूप बॅगेतून समुद्रावर जाई आणि परत येई. त्या दिवशी त्याने तीत तारीख घातली, चार ओळी लिहिल्या आणि ती बॅगेच्या तळाशी ढकलली.

जानेवारीत नवी पाटी लागली. नाव कतारी, मोठा हिस्सा कतारचा, आणि बरोबर एक नवा परदेशी भागीदार, दुसऱ्या एका थंड देशातला. विहिरी चालवायचं तंत्र त्याच्याकडे होतं म्हणे. आर्विडसाहेबाच्या खुर्चीत नवा गुलाबी साहेब बसला. त्यालाही चिवडा आवडला.

मग करोना आला, तेल मातीमोल झालं, आणि उन्हाळ्यात विहिरी एकामागून एक पाणी ओकू लागल्या. नव्या भागीदाराने पत्र लिहिलं: क्षेत्र म्हातारं आहे, हे आम्हाला सांगितलं नव्हतं, आता ते सावरायचं तर आम्हाला अर्धा वाटा हवा आणि पंचवीस वर्षांचा करार. नाहीतर आम्ही आमचे तंत्रज्ञ घेऊन जातो. सरकारने विचारलं, सुस्थितीतलं क्षेत्र आठ महिन्यांत म्हातारं कसं झालं? ताब्यात कुणी घेतलं होतं? खतिजाने घेतलं होतं.

जुन्या कंपनीने शेवटच्या वर्षात विहिरी ओरबाडल्या हे सिद्ध झालं असतं तर भरपाई तिच्याकडून मागता आली असती, आणि नव्या भागीदाराचं पत्र केराच्या टोपलीत गेलं असतं. पण रोजचे आकडे थंड देशातल्या कपाटात. कतारच्या हातात फक्त सरासरी. अशा वेळी खतिजाला ती वही आठवली, जिच्यात एक सतरा नंबरची आत्या राहत होती.

२०२१ च्या फेब्रुवारीत तिने सदानंदला दोह्याशेजारच्या लुसैलला, आपल्या कचेरीत बोलावलं. “अंकल, वही घेऊन या. मला वाचून दाखवा.”

आदल्या संध्याकाळी सदानंद दोह्याच्या अल थुमामा भागातल्या घराच्या गच्चीत उभा होता. समोर विणलेल्या टोपीच्या आकाराचं नवं स्टेडियम उभं राहत होतं. विश्वचषकासाठी देश रस्ते उखडत होता, पुन्हा घालत होता, आणि कालचा रस्ता आज सापडत नव्हता. मालविका चहा घेऊन आली.

“वाचणार आहात ना सगळं?”

“तेच... म्हणजे ते एक पान...”

“त्यांना कुठे मराठी येतंय,” मालविका म्हणाली. हे तिने इतक्या सपाट आवाजात म्हटलं की सल्ला आहे की टोमणा, ते सदानंदला ठरवता येईना. “अंतराची परीक्षा आहे. आणि इकबालभाई रत्नागिरीत होडीला रंग देताहेत. दोन्ही खरंच आहे.”

“मग मी काय करू?”

“प्रत्येक वेळी मी सांगायचं आणि मग तुम्ही ‘मालविका म्हणाली’ म्हणायचं? नाही हो. या वेळी नाही.”

तीन दुपारी वाचन चाललं. लुसैलच्या सतराव्या मजल्यावरची खोली, खिडकीखाली रिकामी ट्राम, दोघांच्या तोंडावर मास्क, मध्ये काच. सदानंद वाचायचा, हिंदी-इंग्रजीत सांगायचा. खतिजा अरबीत लिहून घ्यायची. पहिल्या दुपारी शहाजीमामांवर ती पुन्हा हसली. दुसऱ्या दुपारी चोकांचे आकडे सुरू झाले आणि हसणं बंद झालं. मधूनमधून ती वही आपल्याकडे वळवून आकड्यावर बोट ठेवायची, “हे काय?” “एकतीस.” “हे?” “बारा.” तिच्या कागदाच्या कोपऱ्यात तिने सदानंदच्या हातचे मराठी आकडे एकाखाली एक उतरवून घेतले होते, शाळेतल्या मुलीसारखे.

तिसऱ्या दुपारी सदानंदने पान उलटलं आणि समोर ते पान आलं. त्याने आणखी एक उलटलं.

“डिसेंबर एक,” तो म्हणाला. “फुफूचा दाब घसरला...”

“अंकल,” खतिजा लिहिता लिहिता थांबली. “नोव्हेंबर अकरा राहिलं.”

तिने काचेखालून बोट घातलं, पान मागे उलटलं, आणि बोट तारखेतल्या ‘११’वर ठेवलं.

सदानंदने मास्क नीट केला. मग वाचलं:

“आज सही केली. बावीस विहिरी ठणठणीत आहेत असं लिहून दिलं. सात बुडाल्या आहेत हे मला माहीत आहे. इकबालने सही केली नाही. खतिजाने विचारलं, मी देवाचं नाव घेतलं.”

त्याने ते शब्दन् शब्द हिंदीत सांगितलं. खतिजा लिहीत नव्हती. ट्राम रिकामीच गेली, रिकामीच आली.

“हे तुम्हाला वकिलांसमोर सांगावं लागेल,” ती शेवटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर सदानंदला बरं वाटलं असतं. “इंग्लिशमध्ये. सांगाल?”

“हो,” सदानंद म्हणाला. आयुष्यभर उधळलेला शब्द. पण हा पहिल्यांदाच जड निघाला.

तेल कतारचं, खड्डे कतारचे, पण भांडण सोडवायचं ठिकाण करारात एक परदेशी शहर लिहिलेलं होतं, कायदाही तिथलाच. वर्षअखेर सदानंद लुसैलमधून पडद्यावर हजर झाला. पलीकडे तीन पंच आणि जुन्या कंपनीचा वकील. वकील फार अदबीने बोलत होता.

“मिस्टर ठोसर, ही आन्ट रत्ना कोण?”

“विहीर नंबर सतरा.”

“पण या नावाची तुमची आत्या होती?”

“होती.”

“सध्या कुठे असतात?”

“दोन हजार चार साली वारल्या. उरणला.”

“मग २०१९ मध्ये त्यांना पाणी कसं लागलं?”

पंचांपैकी एकाने खोकला काढला. सदानंदने सगळं समजावलं. तूप, पातेलं, चोक. इंग्रजीत पातेल्याचं काय झालं कोण जाणे, पंच आणखीच गोंधळले. मग वकिलाने चष्मा काढला.

“नोव्हेंबरच्या कागदावर तुम्ही म्हणता विहिरी उत्तम. वहीत म्हणता बुडाल्या. खोटं केव्हा बोललात, तेव्हा की आता?”

“तेव्हा.”

“थँक यू,” वकील म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. खोटं बोलल्याची कबुली देणाऱ्या साक्षीदारापेक्षा अधिक सोयीचं काही नसतं.

कतारच्या बाजूने साक्षीदार म्हणून इकबालचं नाव निघालं होतं. पण ज्याने सही केली नव्हती, त्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. प्रमाणपत्राची एका सहीवरच बोळवण झाली होती. ‘पद रद्द’ म्हणून. शिवाय काढून टाकलेल्या माणसाचा राग असणारच, असं कतारच्याच वकिलांनी ठरवलं. इकबाल फोनजवळ दोन महिने बसून होता. फोन आला नाही.

पुढच्या वसंतात जुन्या कंपनीशी बाहेरच्या बाहेर तडजोड झाली. अटी गोपनीय. एवढंच बाहेर आलं की नव्या भागीदाराचा वाटा वाढला आणि करार लांबला. वही पुरावा म्हणून त्या परदेशी शहरातल्या कपाटात राहिली. परत हवी असेल तर अर्ज करायचा. खतिजाची बदली प्रशिक्षण खात्यात झाली. सदानंदला कुणी काढलं नाही. त्याची मुदत संपली, ती वाढवली नाही. अंतरा पुण्याला कॉलेजात गेली होती. मालविकाने सामान बांधताना एकदाही ‘मी म्हणाले होते’ म्हटलं नाही. कारण ती खरंच काही म्हणाली नव्हती.

नोव्हेंबर २०२२ च्या एका शुक्रवारी सदानंद रत्नागिरीला गेला. बावीस-तेवीस वर्षांत पहिल्यांदाच दोघं एकाच वेळी सुट्टीवर होते. इकबालच्या बायकोने सुरमई तळली, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. टीव्हीवर संध्याकाळी कतारची मॅच लागली होती, अल थुमामाच्या त्या टोपीत. सदानंद बोट दाखवून म्हणाला, “त्या बाजूला आमची गच्ची. कॅमेरा जरा वळवला तर दिसेल.” कॅमेरा वळला नाही. एवढा देश उखडून, पुन्हा घालून झाल्यावर त्यातली एक गच्ची कुणाला दिसणार.

कतार हरत होता. पण एक गोल झाला, यजमानांचा पहिला, आणि इकबाल भाकरी हातात धरून उठून उभा राहिला. मग ओशाळून बसला. “आपला काय संबंध,” म्हणाला.

त्याच वेळी सदानंदचा फोन वाजला. खतिजाचा निरोप होता. हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो, त्यावर मराठीतला एक आकडा आणि त्याखाली एकच शब्द: ‘१७. खलास.’

“सिमेंट भरून बंद केली,” सदानंद म्हणाला.

इकबालने फोन हातात घेऊन त्या आकड्याकडे पाहिलं. “चांगलं अक्षर हाय पोरीचं,” म्हणाला. “म्हंजे आत्या गेली.”

“दुसऱ्यांदा.”

“मग आंघोळ तरी कर जल्ल्या.”

दोघं हसले. हसणं संपल्यावर जे उरलं ते ताटांच्या मध्ये पडून राहिलं. इकबालने काट्यातून मांस सोडवलं, सदानंदच्या ताटात ठेवलं, आणि मान खाली ठेवूनच विचारलं, “सदा, एक सांग. सही कशाला केलीस?”

सदानंदच्या घशात काटा अडकला. सुरमईला एवढे काटे नसतात. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पाणी प्यायलं, गुडघ्यावर हात टेकून उठायची तयारी केली. वीस वर्षांची सवय; अवघड प्रश्न निघेपर्यंत वर पंखा सुरू व्हायचा.

इकबालने त्याच्या गुडघ्यावरचा हात धरून खाली बसवलं.

“बस,” तो म्हणाला. “आज हेलिकॉप्टर नाय येनार.”